येते म्हणायचं

मी नाकावर पोट भरते. हसू नका, खरंच सांगते. न्यू जर्सीत एडिसन गावाजवळच्या एका कंपनीत साबणांचे आणि शाम्पूंचे वास तयार होतात, तिथे मी केमिस्ट आहे. दिवसभर कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरायच्या आणि कशात काय बिघडलंय ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे मला किळस फार लवकर येते. दूध नासायच्या आदल्या दिवशीच मला कळतं. माझा नवरा धम्मदीप म्हणतो, जागृतीच्या तावडीतून सुटेल असा वास अजून जन्माला यायचाय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं बाकी सगळं तुम्ही भास म्हणून सोडून दिलंत तरी चालेल. वासाच्या बाबतीत मात्र माझी चूक होत नाही.

दुसरं असं, की आमच्या घरात भूतखेत, उतारे, अंगात येणं यातलं काहीही चालत नाही. सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्या वर्षीच घरातले देव गेले आणि देवांबरोबर भुतंही गेली. सासूबाई, म्हणजे रत्नाबाई, सासऱ्यांहून कडक. गल्लीत कोणी दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या की त्या खुशाल काढून आणायच्या आणि वरणात पिळायच्या. अशा बाईच्या घरची मी सून. तेव्हा मला लवकर घाबरणारी समजू नका, आणि तो दिवा थोडा मोठा करा, अंधारात बोलायला मला आवडत नाही.

चौऱ्याण्णवचा उन्हाळा होता. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई, म्हणजे सासूबाई, पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या. नागपूरचं माणूस, समुद्र पाहिलेला तो सिनेमातच. "मॉल-बिल राहू दे रे, मले समुद्र दाखव," एवढंच त्यांचं मागणं होतं. आता न्यू जर्सीत समुद्राला तोटा नाही, पण चांगल्या किनाऱ्यांवर वाळूत पाय ठेवायलासुद्धा बॅज विकत घ्यावा लागतो आणि रविवारी तर जत्रा असते. धम्मदीपचं तत्त्व म्हणजे फुकट ते पौष्टिक. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला दक्षिणेकडच्या खाडीवरचा एक किनारा सांगितला होता. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, माणूस नाही. आणि वर ग्रीक देवळाचे अवशेष आहेत म्हणे.

"अमेरिकेत कुठलं आलंय ग्रीक देऊळ?" मी विचारलं.

"अगं, शंभर वर्षांपूर्वी कुणी एक कालवांच्या डब्यांवर गब्बर झालेला शेठ होता. त्याने ग्रीसमधून खांबच्या खांब बोटीतून उचलून आणले आणि स्वतःच्या किनाऱ्यावर उभे केले. घर वाहून गेलं, खांब राहिले."

"हौसेला मोल नाही," मी म्हटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

पोळ्या, बटाट्याची भाजी, आईंनी केलेला ठेचा, इलासाठी सँडविच. इला आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजी यायचं. आजीशी मात्र ती मोडकंतोडकं मराठी बोलायची, कारण नाहीतर आजी उत्तरच द्यायची नाही.

हायवे सोडल्यावर रस्ता दलदलीतून जात होता. दोन्ही बाजूंना उंच बोरू, मधेच एखादा काळपट पाण्याचा पट्टा, बंद पडलेला एक कारखाना. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी मला वास यायला लागला. सडलेल्या माशाचा वास मला नवा नाही, आमच्या प्रयोगशाळेत तो बाटलीत भरून ठेवलेला असतो. पण बाटली बंद करता येते.

गाडीतून उतरलो आणि मी नाकाला ओढणी लावली. तुम्ही हॉर्सशू क्रॅब पाहिलेत का कधी? नावाला खेकडा. जेवणाच्या ताटाएवढी तपकिरी टोपी आणि मागे सुईसारखं शेपूट. त्या दिवसांत ते अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. आले होते, आणि अर्धेअधिक तिथेच मेले होते. जिथवर नजर जाईल तिथवर नुसता खच. कित्येक उलटे पडलेले. उलटा पडला की त्याच्या पोटाशी पायांचा गुंता दिसतो, आणि तो गुंता हलत असतो. वाळू पायाखाली मऊ लागत होती, वाकून पाहिलं तर ती वाळू नव्हतीच, हिरवट साबुदाण्यासारखी अंडी होती. माझ्या सँडलच्या पट्ट्यांतून ती बोटांच्या मधे शिरली.

"काय वास मारून राहिला बाप्पा!" आई म्हणाल्या. पण त्या माझ्यासारख्या थांबल्या नाहीत. चप्पल काढून हातात घेतली आणि चपलेच्या टोकाने एकेक उलटा पडलेला जीव सुलटा करायला लागल्या. "जीव आहे ना तो. त्याले काय माहीत तुमचं नाक किती महाग आहे." इला त्यांच्या मागे मागे, तेच करत. मी आणि धम्मदीप खांबांकडे निघालो.

खांब खरेच होते. सहा-सात, काही कमरेपर्यंत, काही माझ्या दुप्पट. संगमरवर पिवळा पडला होता, भेगांत शेवाळ होतं, आणि भरतीच्या रेषेपर्यंत खेकड्यांची टरफलं त्यांच्या पायथ्याशी साचली होती. देवळाबिवळासारखं काही वाटलं नाही, अर्धवट सोडलेल्या बांधकामासारखं वाटलं. पलीकडे, समुद्राकडे पाठ करून, एक उभा दगड होता. दारापेक्षा थोडा लहान. त्यावर खुर्चीत बसलेली बाई कोरलेली होती. डोक्यावर पदर, मान किंचित खाली, आणि उजवा हात पुढे केलेला. समोर कुणीतरी उभं असणार, ज्याच्या हातात तो हात होता. पण दगडाचा तेवढा भाग तुटून गेला होता. बाईचा हात नुसता पुढे आलेला, रिकामा.

शेठने खाली एक पितळेची पाटी लावली होती, धम्मदीपने ती रुमालाने पुसून वाचली. तो दगड म्हणजे एका बाईचं थडगं होतं, समुद्रकाठच्या स्मशानातून खांबांबरोबर उचलून आणलेलं. बाई बाळंतपणात गेलेली. खालच्या ओळीत ग्रीक अक्षरांत एकच शब्द होता, आणि पाटीवर त्याचा उच्चार दिला होता: खैरे.

"खैरे?" मी म्हटलं. "कामठीच्या खैरेबाईंचं माहेर इकडे निघालं की काय!"

धम्मदीप हसला. "खैरे म्हणजे सुखी राहा. आल्यावरही तेच म्हणायचं, निघतानाही तेच. आपल्या जयभीमसारखं. आणि इथे लिहिलंय की, जाणाऱ्या-येणाऱ्याने मेलेल्या माणसाशी दोन शब्द बोलून जावं अशी त्यांची रीत होती. दगड बोलायचा, माणसाने उत्तर द्यायचं."

"चांगली रीत आहे," मागून येऊन आई म्हणाल्या. "हात नाही जोडायचे, पण माणसाचं थडगं आहे, नीट बोलावं."

आम्ही खांबांच्या आडोशाला, वारा जरा उलटा होता तिथे, जेवलो. म्हणजे बाकीचे जेवले, मी नाही. माझ्या बोटांना वास येतोय असं मला वाटत होतं आणि तो येतच होता. सगळं आवरून वळले तर इला त्या दगडापाशी होती. तिचा हात त्या बाईच्या हातात.

"इला, सोड ते. घाण आहे."

"इट्स नॉट हार्ड, मम्मी," ती म्हणाली. "इट्स सॉफ्ट."

"शेवाळ असेल. चल, निघायचंय."

"ओके. बाय!" इला दगडाला म्हणाली.

"मराठीत सांग गं," आई म्हणाल्या. त्या मजेत होत्या, समुद्र बघून झाला होता. "जुन्या काळची बाई ती, तुझं बायबिय काय समजन तिले?"

इलाने विचार केला. "मी जाते," ती म्हणाली.

"अं हं!" आईंची जीभ टाळूला लागली. "जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं."

"बट आय ॲम नॉट कमिंग, आजी. आय ॲम गोइंग."

"तरी येते म्हणायचं."

आम्ही तिघेही हसलो. काय सांगणार पोरीला? आपल्याकडे जाते म्हणतात ते एकदाच, आणि तेही स्वतः म्हणत नाहीत, मागचे म्हणतात. दार ओलांडताना कुणी चुकून जातो म्हणालं की माझी आईसुद्धा तोंडावर हात ठेवायची. देव सोडले, उतारे सोडले, पण हा शब्द कुणी सोडला नाही. तो अंधश्रद्धेत मोडतो असं आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"येते," इला त्या बाईला म्हणाली. अगदी स्पष्ट, आजीने शिकवल्यासारखं.

मग तिने हात ओढला. तो लगेच निघाला नाही. बाटलीचं बूच निघावं तसा एक ओला आवाज झाला आणि मग निघाला. त्याच वेळी मला तो दुसरा वास आला. माशाचा नव्हे. त्याच्या खालून, गोडसर, आंबूस, कोमट. बाळंतिणीच्या खोलीत पाझरून कपड्यात वाळलेल्या दुधाचा. त्या किनाऱ्यावर तो वास यायला काहीही कारण नव्हतं. मी इलाचा हात पुसला आणि गाडीकडे ओढत नेलं.

तो वास आमच्याबरोबर घरी आला.

आधी मी गाडी धुतली. मग सगळ्यांचे कपडे, मग चपला फेकून दिल्या. वास इलाच्या तळहाताला होता. उजव्या. माझ्या कंपनीतले साबण झाले, डेटॉल झालं, लिंबू झालं, आईंनी बेसनाने चोळून पाहिलं. धुतल्यावर जरा वेळ जायचा आणि मग आतून पाझरल्यासारखा परत यायचा. तळहात सुरकुतलेला, पांढरट, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा. पुसला तरी ओला. डॉक्टरांनी त्वचेचा काहीतरी संसर्ग सांगितला आणि मलम दिलं. मलम लावलं की ते त्या ओलीवर तरंगायचं.

सकाळी तिच्या चादरीवर मला हिरवट दाणे सापडले. मी झटकले, चादर उकळून काढली. दुसऱ्या सकाळी परत होते. उशीखाली, तिच्या केसांत, एकदा कानात. बोटाने काढताना एक फुटला आणि माझ्या नखाखाली गेला. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

आता जे सांगते ते आजवर धम्मदीपलासुद्धा सांगितलेलं नाही. मला माझ्या मुलीची किळस यायला लागली. तिला भरवताना मी श्वास रोखून धरायचे. ती गळ्यात पडायला आली की माझं अंग आपोआप मागे जायचं. जिला पोटातून काढली, तिची पापी घ्यायला माझे ओठ तयार होईनात. पोरं सगळं ओळखतात. एकदा जेवताना तिने तो हात टेबलाखाली धरला आणि हळूच विचारलं, "मम्मी, डू आय स्टिंक?"

मी नाही म्हटलं. आणि माझ्या नकळत माझा दुसरा हात नाकाकडे गेला. तिने तो पाहिला.

मग तिचं ते जिन्यात बसणं सुरू झालं. शाळेला सुट्टी होती. दुपारी बघावं तर बूट घालून, दाराकडे तोंड करून बसलेली.

"कुठे निघालीस?"

"शी इज वेटिंग."

"कोण?"

"आय टोल्ड हर येते." तिच्या आवाजात हट्ट नव्हता, जरा कंटाळा होता. होमवर्क राहिलाय असं सांगावं तसं. "यू गाइज मेड मी से इट."

मी धम्मदीपला सांगितलं. तो म्हणाला, लहान मुलांच्या डोक्यात काहीही बसतं, काही दिवसांत जाईल. मी पण तेच म्हणत होते. शिकलेली माणसं आम्ही. दाराला वरची कडी बसवून घेतली तेवढी.

त्या शुक्रवारी मी कामावर होते. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. इलाने खुर्ची लावून कडी काढली. ओक ट्री रोडवरच्या एका साडीवाल्याने तिला पाहिलं, म्हणून वाचली. भर रहदारीच्या रस्त्याच्या कडेने, भर उन्हात, अनवाणी चालली होती, दक्षिणेकडे. उजवा हात पुढे धरलेला, कुणाचं बोट धरून चालावं तसा. साडीवाला आमच्या ओळखीचा होता, तिला घरी घेऊन आला. "बहनजी, बच्ची का हाथ देखो," एवढंच तो आईंना म्हणाला. त्याने स्वतःचा हात पँटला पुसला, पुन्हा पुसला, आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

संध्याकाळी आईंनी स्वयंपाक केला नाही. टेबलाशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "धम्मदीप, उद्या गाडी काढ. तिथं जायचं."

"आई, तू पण? बाबांनी ऐकलं असतं तर..."

"तुझ्या बाबांनी मले एक शिकवलं, की शब्द दिला तर पाळायचा, नाही पाळायचा तर तोंडावर सांगायचं. पोरीनं शब्द दिला. तो परत घ्यायचा. यात भूत कुठून आलं?"

मला त्या क्षणी भुतावर विश्वास ठेवायचा नव्हता आणि न ठेवायचाही नव्हता. माझी पोरगी मला परत हवी होती, तिच्या केसांना जॉन्सनच्या शाम्पूचा वास हवा होता.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा किनारा पहिल्यापेक्षा वाईट होता. उन्हाने टरफलं तडकली होती, आतलं काळं झालं होतं, त्यावर माश्यांचा थर. ओहोटी होती आणि चिखल दूरवर उघडा पडला होता. कुणीही नव्हतं. इला गाडीतून उतरली आणि सरळ दगडाकडे निघाली. पायाखाली काय फुटतंय याची तिला फिकीर नव्हती. मी मागे धावले, पाय घसरत होते, आणि दगडाजवळ पोचायच्या आधीच तो दुधाचा वास आला. पहिल्यापेक्षा दाट. जिभेवर चव लागेल इतका.

बाईचा हात होता तसाच होता, पुढे आलेला. फक्त तो ओला होता, आणि मनगटावरून खाली, दगडावरून, पांढरट ओघळ सुकले होते.

आईंनी इलाला दोन्ही खांद्यांनी धरलं. "इला, त्या दिवशी काय म्हटलं होतंस? चुकलं ते. आज नीट सांग. म्हण, मी..."

आणि त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

"जाते?" इलाने विचारलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. विचार केला नाही, हात आपोआप गेला. थडग्यासमोर उभं राहून, मेलेल्या बाईच्या डोळ्यांना डोळे लावून, माझ्या लेकीने म्हणायचं, जाते? आणि ते बरोबर तसंच ऐकलं गेलं तर? "नाही," मी ओरडले, "हे नाही म्हणायचं! हे अजिबात नाही म्हणायचं!" धम्मदीप इतका हुशार, इतका वाद घालणारा, तोसुद्धा पांढराफटक होऊन म्हणाला, "नको... दुसरं काही म्हणू दे... इंग्लिशमध्ये सांगू दे..."

"इंग्लिश तिले समजत नाही," आई म्हणाल्या. "मराठीतच ऐकलं तिनं."

इला माझ्या हाताखाली तशीच उभी होती. तिचा उजवा हात हळूहळू वर येत होता, झोपेत माणूस उचलतो तसा. मी तो दाबून धरला. ओला, मऊ, बोटं रुतत होती. माझ्या आयुष्यात मला इतकी किळस आली नाही, आणि तरी मी तो सोडला नाही, एवढं एक माझ्या बाजूने सांगते.

आई पुढे झाल्या. पदर खोचला. दगडाच्या बाईसमोर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, समोरासमोर.

"बाई," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, शेजारणीशी बोलावं तसा. "लेकराचं बोलणं मनावर घेऊ नको. तिले मी शिकवलं. जबान माझी होती. ती नाही येत. मी येते."

आणि त्यांनी आपला हात तिच्या हातात दिला.

काही झालं नाही. खरंच. वारा नाही, आवाज नाही. इलाचा हात माझ्या मुठीत एकदम गरम झाला, लहान मुलाचा असतो तसा, आणि ती म्हणाली, "आऊच, मम्मी, यू आर हर्टिंग मी." आईंनी आपला हात काढला. मी ऐकलं, तोच ओला आवाज. त्यांनी हात पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "चला, मले भूक लागली."

घरी पोचेपर्यंत इलाचा तळहात कोरडा झाला होता. मी तिला मांडीवर घेऊन तिचे हात, केस, मान, सगळं हुंगत बसले. घामाचा वास, सँडविचमधल्या पीनट बटरचा वास. मी रडले. सुटलो असं वाटलं, आणि कुणाच्या जिवावर सुटलो हे माहीत असूनही वाटलं.

रात्री आईंना म्हटलं, "आई, हात दाखवा."

"काही नाही झालं."

"आई, तुम्ही काय कबूल करून आलात तिथे?"

त्या गालात हसल्या. "येते म्हटलं. कधी येते, ते कुठं म्हटलं? तुझी आतेसासू पंचवीस वर्षांपासून येते येते म्हणून राहिली, आली का? आपल्या माणसांचं येणं त्या बाईले काय ठाऊक!"

मी इतकी हसले की पोटात दुखलं. त्यांनी हात मात्र दाखवला नाही. परत जाईपर्यंत त्या उजव्या हातावर पदर घेऊनच वावरल्या, आणि स्वयंपाकघरात डाव्या हाताने काम करायला शिकल्या. कधी जवळून गेल्या तर मला वास यायचा. मी श्वास रोखून धरायचे नाही. तेवढं मी ठरवलं होतं.

नागपूरला गेल्यावर दर रविवारी फोन व्हायचा. धाकटी जाऊ पद्मिनी कुरकुरायची: आईंच्या खोलीत फिनाईलने पुसलं तरी वास येतो, उन्हाळ्यात गादी ओली लागते, प्लंबर तीनदा आला. आई कुठे जाईनाशा झाल्या होत्या. लग्नाला नाहीत, दीक्षाभूमीवर नाहीत. कुणाकडून निघायचं म्हटलं की काहीतरी म्हणावं लागतं ना, म्हणून घराबाहेर पडणंच बंद केलं होतं त्यांनी. फोनसुद्धा न बोलता खाली ठेवायच्या. इलाशी मात्र भरपूर गप्पा मारायच्या. अशी जवळजवळ दोन वर्षं त्यांनी त्या बाईला झुलवत ठेवली. माझी सासू होती ती.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत दिराचा फोन आला. "आई गेली," तो म्हणाला. झोपेतच. त्रास काही झाला नाही.

धम्मदीपला त्याच संध्याकाळचं विमान मिळालं. मी आणि इला त्याला नेवार्कच्या विमानतळावर सोडायला गेलो. बर्फ पडून गेलं होतं, दिवस लख्ख होता, पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवर बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ सुकलं होतं. धम्मदीप आत गेला. आम्ही दोघी गाडीशी परत आलो. मी मागचं दार उघडलं. इला आता नऊ वर्षांची होती, नेहमी दाराशी बसायची, खिडकीसाठी भांडायची. त्या दिवशी ती आत शिरली आणि सरकत सरकत पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मी दार लावलं. पुढे बसले, चावी फिरवली, हीटर लावला. गरम हवा आली आणि तिच्याबरोबर तो वास. वाळलेल्या दुधाचा.

माझे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मागे वळायचं धैर्य होईना. "इला," मी म्हटलं, "अशी कोपऱ्यात का बसलीस बाळा?"

"शी नीड्स रूम."

मला एकदम भरून आलं. वास विसरले, भीती विसरले. "आजी आहे का गं?"

"नो." इलाने माझ्याकडे बघितलं. काहीतरी साधं समजावून सांगावं तसा तिचा चेहरा होता. "आजी स्टेड देअर. इन दॅट लेडीज चेअर."

मी मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता, आणि तो सीटला टेकला नव्हता.